तोंड आल्यावर लावायचं जेल: किती, कुठे आणि कोणाला?

शेवंती
घरात सध्या दोघांचं तोंड आलंय आणि दोघांमध्ये एकच ट्यूब फिरतेय, म्हणून हा धागा काढतेय.

सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. तीन आठवड्यांपूर्वी खालची नवी कवळी बसवली. आठवडाभरात डाव्या हिरडीवर जखम झाली. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 'तोंडात लावायचं दुखण्याचं जेल' आणलं. लावलं की पाच मिनिटांत बरं वाटतं, म्हणून त्या दिवसातून आठ-दहा वेळा लावतात. शिवाय कवळीच्या आतून जेल लावून मग ती बसवतात, म्हणजे औषध जागेवर राहतं असं त्यांचं म्हणणं.

मुलगा सहा वर्षांचा. परवा ताप आला, काल जिभेवर आणि ओठाच्या आत पांढरे ठिपके दिसले. घास घेतला की रडतो. मी ऑफिसातून येईपर्यंत आजीने मायेपोटी त्यालाही तेच जेल दोनदा लावलं होतं.

ट्यूबवरची अक्षरं इतकी बारीक की मोबाइलवर फोटो काढून, मोठा करून वाचली. कोलीन सॅलिसिलेट, लिग्नोकेन हायड्रोक्लोराइड, बेंझाल्कोनियम क्लोराइड असं लिहिलंय. हे मुलाला चालतं का? कवळीखाली चालतं का? आणि किती वेळा लावायचं? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सांगा.

सोलकढी
आमच्याकडे रात्री झोपताना घरचं तूप लावतात. सकाळपर्यंत आग कमी होते. पोराला गार दूध द्या, तिखट बंद करा. होईल बरा.

पुडीवाला
शेवंतीताई, माझं औषधांचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. आधी मुलाचं जेल बंद करा, बाकीचं नंतर वाचा.

कोलीन सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या घराण्यातलं औषध आहे. तापात, विशेषतः विषाणूच्या तापात, मुलांना ॲस्पिरिन देत नाहीत, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण तेच घराणं जेलच्या रूपात तोंडात लावलं जातंय हे लक्षात येत नाही, कारण ट्यूबवर 'ॲस्पिरिन' हा शब्द कुठेच नसतो. तोंडाच्या आतली त्वचा पातळ असते, औषध तिथून रक्तात जातं, आणि मुलं तर अर्धं जेल गिळूनच टाकतात.

दुकानात लोक येतात आणि म्हणतात, "तोंड आलंय, जेल द्या." कोणाचं तोंड आलंय, हे दहातले नऊ जण सांगत नाहीत. मी विचारतो. गर्दीच्या वेळी विचारायचं राहूनही जातं, हे कबूल करतो.

शेवंती
वाचून हातपाय गार पडले. आता काय करू? दोनदा लावलंय, काल दुपारी आणि संध्याकाळी.

निंबोणी
ताई, घाबरू नका. मी बालरोगतज्ज्ञ आहे. वाटाण्याएवढं जेल दोनदा लागल्याने काही होण्याची शक्यता फार कमी आहे. आता बंद केलंत ना, झालं. ज्या आजाराची भीती आहे त्याला रेज सिंड्रोम म्हणतात. यकृत आणि मेंदू दोन्हींवर सूज येते. तो अतिशय दुर्मिळ आहे, पण झाला तर गंभीर असतो, म्हणून मुलांच्या बाबतीत ही जोखीम घेतच नाही. पुढचे काही दिवस लक्ष ठेवा. सारख्या उलट्या, उठवूनही न उठण्याइतकी झोप, असंबद्ध बोलणं किंवा विचित्र चिडचिड दिसली तर वाट न पाहता रुग्णालयात न्या आणि जेल लावल्याचं सांगा.

दुसरं, त्याचे तळहात आणि तळपाय पाहा. कोपर, गुडघे, कुल्ल्यांवर पुरळ आहे का? ताप आणि लगेच तोंडात ठिपके म्हणजे हात-पाय-तोंडाचा विषाणूजन्य आजार असू शकतो. शाळेत साथ आहे का तेही विचारा. तो आठवडा-दहा दिवसांत आपोआप जातो. खरी काळजी पाण्याची. तोंड दुखतं म्हणून मूल पीत नाही आणि अंगातलं पाणी कमी होतं. गार दूध, पेज, नारळपाणी, आइस्क्रीमसुद्धा द्या. संत्र्या-मोसंबीचा रस नको, झोंबतो. दुखण्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटॅमॉल. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर दाखवा.

शेवंती
तळपायांवर लाल ठिपके आहेत! मला वाटलं डास चावले. वर्गातली आणखी तीन मुलं गैरहजर आहेत, असं आत्ता व्हॉट्सॲपवर कळलं. उद्या सकाळी डॉक्टरांकडे नेते. फार फार आभार.

यॉर्कशायरची_पेज
इथे ब्रिटनमध्ये याच कारणावरून नियम बदलला होता. बोंजेला नावाचं जेल इथे घरोघरी असायचं, दात येणाऱ्या बाळांच्या हिरड्यांनाही लोक तेच चोळायचे. त्यात कोलीन सॅलिसिलेट होतं. २००९ साली इथल्या औषध नियामकांनी सांगितलं की १६ वर्षांखालच्या कोणालाही सॅलिसिलेटचं तोंडात लावायचं जेल द्यायचं नाही. खुद्द ॲस्पिरिनवर १९८६ साली १२ वर्षांखाली आणि २००२ साली १६ वर्षांखाली अशी बंधनं आधीच आली होती. जेलकडे लक्ष जायला आणखी सात वर्षं लागली.

माझी मुलगी २००७ची. तिचे दात येताना मी ते जेल स्वतः लावलंय, आईने लावायला सांगितलं म्हणून. तिला काही झालं नाही. पण ती बातमी वाचली त्या रात्री मी तिच्या पलंगाशेजारी बसून होते. शेवंती, तुमच्या मनाची अवस्था मला नेमकी कळते.

गुळवेल
एवढी रसायनं लावायचीच कशाला? तोंड येणं हे पित्ताचं आणि पोटाचं लक्षण आहे. जाईचा पाला चावून चावून थुंकायचा, दोन दिवसांत आराम. पेरूची कोवळी पानं, ज्येष्ठमधाच्या काढ्याच्या गुळण्या, रात्री एरंडेल. आणि मुलांसाठी टाकणखाराची लाही मधात खलून बोटाने लावायची. आमच्या आजीने अख्ख्या वाड्यातली पोरं त्यावर वाढवली.

निंबोणी
@गुळवेल, जाईच्या पाल्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, माझी आईही चावायला लावायची. पण टाकणखार मुलांना नको, कळकळीने सांगते. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. लहान मुलांच्या पोटात तो थोडाथोडा जात राहिला तर उलट्या, जुलाब आणि आकडीसुद्धा येऊ शकते. चोखणीला मध-बोरॅक्स लावून दिलेल्या बाळांना आकड्या आल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला नुसता मधही द्यायचा नसतो, त्यातून बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

घरगुती आहे म्हणून निर्धोक, असं धरून चालू नये. जेलला आपण जे प्रश्न विचारतोय तेच टाकणखारालाही विचारू या.

गुळवेल
मधाचं माहीत होतं, बोरॅक्सचं नव्हतं. मुलांसाठीचा सल्ला मागे घेतो. मोठ्यांसाठी जाईचा पाला मात्र सोडणार नाही, माझा २० वर्षांचा अनुभव आहे.

रंकाळा
आमच्या घरात तोंड आलं की पहिली शिक्षा म्हणजे रविवारचा तांबडा रस्सा बंद. त्या भीतीने भाऊ पाचवीपर्यंत तोंड आलेलं लपवायचा. मग जेवताना डोळ्यांतून पाणी आलं की पकडला जायचा. :)

आठवतंय का कोणाला ते जांभळं औषध? शाळेत जीभ जांभळी दिसली की सगळ्यांना कळायचं.

ओलीचटणी
जेन्शन व्हायोलेट! माझ्या शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजवरचा डाग दहावीपर्यंत होता.

दाढदुखी_दवाखाना
मी दंतवैद्य आहे, सातारा जिल्ह्यात. उशिरा आलो. मुलाचं निंबोणी यांनी नेमकं सांगितलं आहे, मी सासूबाईंबद्दल आणि मोठ्यांनी जेल कसं लावावं याबद्दल लिहितो.

या ट्यूबमधली तीन औषधं तीन कामं करतात. कोलीन सॅलिसिलेट, बहुतेक ट्यूबमध्ये साधारण ८.७ टक्के, सूज आणि दुखणं कमी करतं. लिग्नोकेन, साधारण २ टक्के, जागा बधिर करतं. दात काढताना आम्ही इंजेक्शनमधून देतो तेच. बेंझाल्कोनियम जंतुनाशक आहे. यातलं एकही औषध जखम भरून आणत नाही. साधा फोड ७ ते १४ दिवसांत शरीर स्वतःच बरा करतं. तोवर जेवता-बोलता यावं एवढंच जेलचं काम.

लावायची रीत. हात धुवा. चूळ भरा. स्वच्छ कापसाने किंवा गॉजने फोडाची जागा हलकेच टिपून कोरडी करा, नाहीतर जेल लाळेबरोबर वाहून जातं आणि लोक पुन्हा लावतात. मग बोटाच्या टोकावर सेंटिमीटरभर जेल घेऊन फोडावर टेकवा, चोळू नका. दोन वेळांमध्ये किमान तीन तास. सात दिवसांत फरक नसेल तर जेल थांबवून दाखवायला या. ट्यूबचं तोंड फोडाला लावायचं नाही आणि एकाची ट्यूब दुसऱ्याने वापरायची नाही.

कवळीखाली जेल कधीच नाही. सॅलिसिलेट हे मुळात आम्लाच्या जातीचं. कवळी आणि हिरडीच्या मध्ये ते कोंडून राहिलं की त्वचा भाजते आणि पांढरा पापुद्रा सुटतो. दुखऱ्या दाताशेजारी ॲस्पिरिनची गोळी दाबून धरणारे किंवा लवंगतेलाचा बोळा रात्रभर ठेवणारे लोक येतात, त्यांच्या गालाला अगदी असाच चट्टा असतो. म्हणजे सासूबाईंची आत्ताची जखम किती कवळीची आणि किती जेलची, हे बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. कवळी काढा, जेल लावा, निदान अर्धा तास कवळी बाहेर ठेवा. रात्री तर काढूनच झोपा, पाण्यात ठेवून.

आणि मूळ उपाय जेल नाहीच. नवी कवळी कुठेतरी टोचतेय. ज्यांनी बसवली त्यांच्याकडे जा, ते कड घासून देतील. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. लोक "दुसऱ्यांदा कसं जायचं, डॉक्टर काय म्हणतील" म्हणून महिनोन्महिने सहन करतात. नवी कवळी दोन-तीनदा घासावी लागणं हे ठरलेलंच असतं.

निवांत
फार उपयोगी प्रतिसाद. एक शंका. पाकिटात लिहिलं असतं की लावल्यावर काही खाऊ नये. मी तर जेवता यावं म्हणूनच लावतो! मग उपयोग काय?

दाढदुखी_दवाखाना
@निवांत, चांगला प्रश्न. बधिर जागेला गरम कळत नाही, चावा कळत नाही. लिग्नोकेनच्या भरात गाल चावून मूळ फोडाच्या तिप्पट जखम केलेले लोक मी पाहिलेत. जिभेच्या मागच्या बाजूला, घशाजवळ लावलं तर गिळण्याचं भानही कमी होतं आणि घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. तिथे लावलं तर तासभर काही खायचं नाही, वयस्कर माणसांनी तर नाहीच. ओठाच्या आत एकच ठिपका असेल तर अर्धा तास थांबा, मग मऊ आणि कोमट. बधिरपणा तोवर ओसरू लागतो, पण सॅलिसिलेटचा थोडा आराम टिकतो. त्यातही दहीभातासारखं काही खाल्लंत तर जेलची गरजच कमी पडते.

पुडीवाला
यात माझी भर. 'तोंडाचं जेल' या नावाखाली आमच्या कपाटात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक हे सॅलिसिलेट-लिग्नोकेनचं. दुसरं मेट्रोनिडॅझोल आणि क्लोरहेक्सिडीनचं, ते हिरड्यांच्या संसर्गासाठी. तिसरं बुरशीवरचं, मायकोनॅझोल किंवा क्लोट्रिमॅझोल. चौथी ट्रायमसिनोलोन ०.१ टक्क्याची पेस्ट, म्हणजे स्टिरॉइड. ती फोडाच्या सुरुवातीला खरोखर चांगली चालते, पण नागिणीच्या जातीच्या विषाणूचे किंवा बुरशीचे चट्टे असतील तर तेच पसरवू शकते. चारही ट्यूब बोटाएवढ्या, चारही पांढऱ्या. मागच्या वेळची उरलेली ट्यूब काढून लावू नका, नाव वाचा.

ॲस्पिरिनने ज्यांचा दमा उसळतो त्यांनी सॅलिसिलेटचं जेल टाळावं. शेवंतीताई, सासूबाईंना दुसरी कोणती औषधं चालू आहेत?

शेवंती
अरे हो, हे लिहायचं राहूनच गेलं. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज असते. ॲसिनोकूमारॉल.

पुडीवाला
मग हे दंतवैद्यांना पहिल्या वाक्यात सांगा. सॅलिसिलेटचं जेल दिवसाला आठ-दहा वेळा हे त्यांच्यासाठी नक्कीच नको. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कवळीखाली बुरशी आढळली आणि कोणी मायकोनॅझोलचं जेल लिहून दिलं तर तिथेच थांबवा. तोंडात लावलेलं मायकोनॅझोलसुद्धा या गोळ्यांचा परिणाम खूप वाढवतं, रक्तस्राव होण्याइतका. बुरशीवर दुसरी औषधं आहेत. नुसतं जेलच तर आहे, असं म्हणून लोक सांगत नाहीत.

संत्रानगरी
हा धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको असं होत होतं. लिहितो.

माझे बाबा खर्रा खायचे. विदर्भातल्यांना सांगायला नको, सुपारी-तंबाखू-चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून देतात तो. वीस वर्षं, दिवसाला चार-पाच. २०२१च्या दिवाळीनंतर उजव्या गालाच्या आत एक फोड आला. मीच जेल आणून दिलं. लावलं की दुखायचं नाही. पंधरा दिवसांनी विचारलं, "बाबा, बरं आहे का?" ते म्हणाले, "हो रे, दुखत नाही." ट्यूब संपली की मी दुसरी आणायचो. मला वाटायचं मी त्यांची काळजी घेतोय.

अशा पाच ट्यूब झाल्या. मार्च उजाडला तेव्हा तोंड दोन बोटांहून जास्त उघडेना आणि जबड्याखाली गाठ लागली. बायोप्सी केली. कर्करोग. मग शस्त्रक्रिया, गालाचा भाग काढून छातीवरची त्वचा लावली, नंतर किरणोपचार. बाबा आज आहेत, आमच्यात आहेत. मऊ खिचडी खातात, नातीशी बोलतात, फक्त तिला काही शब्द दोनदा विचारावे लागतात.

डॉक्टर मला रागावले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "फोड कधी आला ती तारीख आठवते का?" मला आठवत नव्हती. तेव्हापासून घरात कोणाचंही तोंड आलं की मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दिवशी गोल करतो.

ओलीचटणी
वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. बाबांना नमस्कार सांगा.

दाढदुखी_दवाखाना
@संत्रानगरी, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. स्वतःला दोष देऊ नका. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि थोडा दुखला तर लोक जेलने तेवढंही थांबवतात. उलट साधा फोड सणसणीत दुखतो आणि निघून जातो. म्हणून दुखणं हे मोजमाप धरू नका, दिवस मोजा. कोणताही फोड दोन आठवडे उलटूनही भरत नसेल तर दाखवा, आणि तीन आठवड्यांपुढे तर एक दिवसही थांबू नका. कड कठीण लागणं, एकाच जागी टिकून राहणं, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, गळ्याला गाठ, यातलं काही असेल तर दोन आठवडेही नकोत. मिश्री लावणाऱ्या आयाबायांनाही हे लागू. "मी कुठे तंबाखू खाते, मी तर दात घासते" असं म्हणणाऱ्या कितीतरी जणी माझ्याकडे येतात.

काजवा
तंबाखू सोडून मला आज ४१ दिवस झाले. सोडल्यावर पंधरवड्यात तोंडात फोड आले. मित्र म्हणाले, बघ, शरीराला सवय होती, सोडलीस म्हणून झालं, थोडी घे. संत्रानगरींचं वाचून अंगावर काटा आला. हे फोड कसले?

दाढदुखी_दवाखाना
अभिनंदन! सोडल्यावर काही जणांना सुरुवातीच्या आठवड्यांत फोड येतात, हे खरं आहे आणि माहीत असलेलं आहे. ते जातात. त्यासाठी पुन्हा तंबाखू हा उपाय नाही. पण इतकी वर्षं खाल्ली असेल तर एकदा पूर्ण तोंड तपासून घ्या. शासकीय दंत महाविद्यालयात फार खर्च येत नाही.

काजवा
सोमवारी जातो. इथे येऊन सांगेन.

मांडवी
आमच्याकडची गोष्ट वेगळी आहे. मावशीला संधिवात, मेथोट्रेक्सेट सुरू केलं होतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तिला वाटलं रोज. आठ-नऊ दिवसांत तोंडभर फोड, पाणीही गिळवेना. आम्ही सगळे जेल, मध, तुपाच्या मागे. शेजारच्या नर्सबाईंनी गोळ्यांचं पाकीट मागितलं आणि लगेच रुग्णालयात न्यायला लावलं. रक्तातल्या पेशी पार खाली गेल्या होत्या. बारा दिवस ॲडमिट होती, वाचली.

आता तिच्या डबीवर मी जाड अक्षरांत 'रविवार' लिहून ठेवलंय. तोंडात एकदम खूप फोड आले आणि नवं औषध सुरू झालेलं असेल, तर आधी ते औषध बघा.

निंबोणी
@मांडवी, हे सर्वांनी लक्षात ठेवावं असं. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याच्या तोंडात फोड येणं ही धोक्याची खूण आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

कढीलिंब
इथे अमेरिकेत दुकानात सहज मिळणाऱ्या जेलमध्ये बरेचदा बेंझोकेन असतं. भारतात जाताना लोक ते बाळांसाठी भेट म्हणून नेतात, म्हणून लिहितेय. २०१८ साली इथल्या अन्न व औषध प्रशासनाने दोन वर्षांखालच्या मुलांना ते अजिबात वापरू नका असं सांगितलं. त्याने क्वचित रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती एकदम घटते, बाळ निळसर पडतं. मी स्वतः बहिणीसाठी दोन ट्यूब बॅगेत भरल्या होत्या. काढून टाकल्या आणि गार करून द्यायची दात येण्याची रिंग नेली.

सोलकढी
माझ्या आजोबांनी तर अंधारात गुडघ्याला चोळायचं जेल तोंडात लावलं होतं. ट्यूब तेवढीच, उशाशी दोन्ही. जीभ पेटली म्हणून ओरडले. नशीब लगेच चूळ भरली.

पुडीवाला
हसण्यावारी नेऊ नका. सांधेदुखीच्या बऱ्याच मलमांत मिथाइल सॅलिसिलेट असतं, त्याचाच तो ओळखीचा वास. शुद्ध तेलाच्या ५ मिलिलिटरमध्ये, म्हणजे एका चहाच्या चमच्यात, जवळपास ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतकं औषध असतं. लहान मुलाच्या जिवावर बेतायला तेवढं पुरतं. मलमात ते कमी असतं, पण पोटात जायची वस्तू नव्हे. 'फक्त बाह्य वापरासाठी' असं लिहिलेल्या ट्यूब एका जागी आणि तोंडाच्या दुसऱ्या जागी ठेवा. मी वयस्कर गिऱ्हाइकांना तोंडाच्या ट्यूबवर लाल रबर गुंडाळून देतो. अंधारातही हाताला लागतं.

ओलीचटणी
वारंवार तोंड येणाऱ्यांसाठी माझा अनुभव. कॉलेजपासून दर महिन्याला दोन-तीन फोड ठरलेले. जेलच्या ट्यूब पर्समध्ये, ऑफिसच्या खणात, गाडीत. सगळे म्हणायचे उष्णता आहे, सब्जा घे, गुलकंद खा. घेतलं. ३४व्या वर्षी एका डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. बी-१२ खूप कमी, लोहही कमी. घरी पूर्ण शाकाहार, दूधही मला आवडत नाही. उपचार सुरू केल्यावर तीन-चार महिन्यांत फोड जवळजवळ थांबले. पंधरा वर्षं मी जेल लावत होते आणि रक्त कोणी तपासलं नव्हतं.

अवांतर: जास्त फेस येणारी टूथपेस्टही बदलली, सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली घेतली. त्याचा किती वाटा, सांगता येत नाही, पण मला बरं वाटलं.

गुळवेल
उष्णता म्हणायचं सोडा असं कोणी म्हणू नये, पण रक्त तपासावं हे पटलं. माझी भाची अशीच आहे, तिला सांगतो.

शेवंती
चार दिवसांनी येतेय, माफ करा.

मुलाला हात-पाय-तोंडाचाच आजार निघाला. डॉक्टरांना जेलबद्दल सांगितलं, त्यांनी निंबोणी यांच्यासारखंच सांगितलं. दोन दिवस आइस्क्रीम आणि गार पेज यांवर काढले. काल पोळीचा तुकडा खाल्ला, आज डब्यात काय देणार म्हणून भांडला. अजून शाळेत पाठवत नाहीये.

सासूबाईंना दंतवैद्यांकडे नेलं. रक्त पातळ करायच्या गोळीचं दारातच सांगितलं. कवळीची आतली कड एका जागी टोचत होती, तिथे घासून दिली. शेजारचा पांढरा पापुद्रा मात्र जेलने भाजल्याचा आहे, असं ते म्हणाले. सासूबाईंना वाईट वाटलं, "मी पोरालाही तेच लावलं" म्हणत डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना यॉर्कशायरची_पेज यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. मग म्हणाल्या, त्या बाईला माझा निरोप कळव, तिच्या आईनेही मायेनेच सांगितलं असेल.

रक्त किती पातळ आहे हे सांगणारी आयएनआर चाचणीही करून घेतली, ती ठीक आहे. कवळी आता रात्री भांड्यात असते, आणि कॅलेंडरवर मंगळवारी एक गोल आहे.

यॉर्कशायरची_पेज
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आईला फोन करून हे सगळं सांगते आहे.

निवांत
कवळी घासल्यावर त्यांना पहिल्या दिवशी काय खायला दिलंत? माझ्या आईची पुढच्या आठवड्यात बसणार आहे.

शेवंती
मऊ भात, साधं वरण, तूप. आणि त्यांच्या हट्टाने सुधारस, पोळी न घेता.